विश्लेषण : नगरच्या किल्ल्यातील मौलाना, कुराण आणि फारसी काव्याचा आझादांनी लावलेला अर्थ काय?

स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री म्हणून मौलाना अबुल कलाम आझाद सर्वांना माहीत आहेत. परंतु कुराणाचे भाष्यकार आणि फारसी काव्याचे मर्मज्ञ ही त्यांची ओळख तुलनेने मागे पडली. या ओळखीचा एक महत्त्वाचा अध्याय अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यात लिहिला गेला.

घडण कशी झाली?

आझाद यांचा जन्म 1888 मध्ये मक्केत झाला. वडील मौलाना खैरुद्दीन हे नामांकित धर्मपंडित, तर आई अरब. कुटुंब नंतर कलकत्त्यात आले. आझाद शाळेत गेले नाहीत; अरबी, फारसी, तर्कशास्त्र, धर्मशास्त्र हे सारे घरीच शिकले. किशोरवयातच वारशाने मिळालेल्या श्रद्धेबद्दल त्यांना प्रश्न पडू लागले. त्या बंधनातून सुटल्याची खूण म्हणून त्यांनी ‘आझाद’ हे टोपणनाव घेतले. काही काळ संशयात काढल्यानंतर ते धर्माकडे परतले, पण स्वतःच्या वाटेने. औरंगजेबाच्या काळात शिरच्छेद झालेला फारसी कवी सरमद याच्यावर त्यांनी तरुणपणीच लेख लिहिला. सत्तेपुढे आणि कर्मठपणापुढे न झुकणारा हा फकीर त्यांना जवळचा वाटला, यातच त्यांची पुढची दिशा दिसते.

कुराणाचा अर्थ त्यांनी कसा लावला?

1912 मध्ये त्यांनी ‘अल-हिलाल’ हे उर्दू साप्ताहिक सुरू केले. इंग्रज सरकारने आधी पत्र बंद पाडले, नंतर 1916 मध्ये आझादांना बंगालबाहेर काढून रांचीत स्थानबद्ध केले. कुराणाच्या उर्दू भाषांतराचे आणि भाष्याचे काम तेथे आकाराला येत होते. मात्र पोलिसांच्या झडत्यांमध्ये हस्तलिखिते गेली आणि बराचसा मजकूर पुन्हा लिहावा लागला. ‘तर्जुमान-उल-कुराण’चे दोन खंड अखेर 1930 च्या दशकात वाचकांच्या हाती आले.

पहिल्या अध्यायावरील, म्हणजे ‘फातिहा’वरील, त्यांचे भाष्य सर्वाधिक गाजले. सृष्टीचे पालनपोषण, करुणा आणि न्याय या ईश्वराच्या तीन गुणांभोवती त्यांनी ते उभे केले. ‘दीन’ म्हणजे धर्माचे मूळ तत्त्व आणि ‘शरीअत’ म्हणजे विधी व नियम, असा भेद त्यांनी केला. तत्त्व सगळीकडे एकच. विधी मात्र काळ आणि समाज यांप्रमाणे वेगळे, हा त्यांचा निष्कर्ष होता. विधींना यामुळे गौणत्व येते, असा आक्षेप काही उलेमांनी घेतला. पण आझादांच्या दृष्टीने हिंदू-मुस्लीम ऐक्य ही निव्वळ राजकीय सोय नव्हती. तिला धर्मग्रंथाचाच आधार होता. द्विराष्ट्रवादाला त्यांचा विरोध इतका ठाम का होता, हे यावरून समजते.

इराणचा सम्राट कुराणात?

कुराणात ‘झुलकरनैन’ म्हणजे दोन शिंगांचा राजा येतो. अनेक भाष्यकार त्याला सिकंदर मानत. आझादांनी हे नाकारले आणि तो इराणचा सम्राट सायरस असल्याचे मांडले. बायबलमधील दानिएलच्या ग्रंथात मीडिया आणि पर्शिया यांचे प्रतीक म्हणून आलेला दोन शिंगांचा मेंढा आणि इराणमधील पासार्गादे येथील शिंगांचा मुकुट असलेले शिल्प, हे त्यांचे प्रमुख आधार. धर्मग्रंथ वाचताना इतिहास आणि पुरातत्त्व सोबत घेण्याची ही पद्धत त्या काळी नवी होती. या मताची दखल भारताबाहेरच्या भाष्यकारांनीही घेतली.

नगरच्या किल्ल्यात काय घडले?

‘छोडो भारत’च्या ठरावानंतर 9 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईत धरपकड झाली. काँग्रेसचे अध्यक्ष असलेले आझाद, तसेच नेहरू, पटेल, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आदी कार्यकारिणीच्या सदस्यांना नगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. नेहरूंनी येथेच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. आझाद मात्र पहाटे उठून स्वतःच्या हाताने चहा करत आणि पत्रे लिहीत. ती होती त्यांचे स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांच्या नावे. कैदेतून ती पाठवणे शक्यच नव्हते, तरी ते लिहीत राहिले.

फारसी या किल्ल्याला परकी नव्हती. निजामशाही दरबारात ती नांदत होती. इतिहासकार फरिश्ता याचे बालपणही नगरातच गेले. आझादांनाही येथे येताच चांदबिबी आणि खानखानान आठवले. त्यांच्या पत्रांत दुधाविना घेतलेला चिनी चहा आहे, संगीत आहे आणि खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्याही आहेत. त्यांना ‘कलंदर’, ‘मुल्ला’ अशी नावे देऊन आझादांनी माणसांच्या स्वभावांची गंमत केली. हाफिज, उर्फी, फैजी यांच्यासारख्या कवींचे शेर पत्रांत जागोजागी येतात. हा विद्वत्तेचा मिरवणा नव्हता. एकांत, संशय, दुःख यांना सामोरे जाताना त्यांना त्या ओळी उपयोगी पडत.

त्यांची कसोटी 1943 मध्ये लागली. पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात अत्यवस्थ होत्या. सरकारकडे विनंती करायची असेल तर ती पुढे पाठवण्याची तयारी तुरुंग अधिकाऱ्याने दाखवली. आझादांनी नकार दिला. 9 एप्रिलला झुलेखा गेल्या. दोनच दिवसांनी लिहिलेल्या पत्रात, वरून शांत राहण्यासाठी मनाला किती झगडावे लागले, हे त्यांनी लपवले नाही. किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर होती. ती पाहून त्यांना भावाच्या मृत्यूवर शोकगीत रचणारा अरब कवी मुतम्मिम आठवला.

पुढे काय झाले?

आझादांची सुटका जून 1945 मध्ये बंगालमधील बांकुड्याहून झाली. ही पत्रे 1946 मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. अर्थ, मनावरची धूळ. आज हे पुस्तक उर्दू गद्यातील मानदंड मानले जाते. कुराणभाष्य मात्र त्यांच्या हयातीत 114 पैकी 23 व्या अध्यायापुढे गेले नाही. फाळणीही त्यांना रोखता आली नाही. शिक्षणमंत्री म्हणून त्यांनी साहित्य अकादमीसह अनेक संस्थांची पायाभरणी केली. 22 फेब्रुवारी 1958 रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. जामा मशिदीजवळ त्यांची कबर आहे. 1992 मध्ये त्यांना मरणोत्तर ‘भारतरत्न’ देण्यात आले. नगरचा किल्ला आज लष्कराच्या ताब्यात असून, नेत्यांना जेथे ठेवले होते त्या खोल्या जतन केलेल्या आहेत.