सायकलच्या दुकानातून कारखाना

सायकल ही आज अगदी साधी वस्तू वाटते. खेड्यापाड्यांतील मुले तिच्यावरून शाळेस जातात आणि वाटेत चाक बसले, तर कोपऱ्यावरचा कारागीर थोड्याच वेळात पंक्चर काढून देतो. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडे सायकल म्हणजे एक नवल होते. सारख्या आकाराच्या दोन चाकांची आणि साखळीच्या साहाय्याने चालणारी सायकल इंग्लंडमध्ये १८८५ च्या सुमारास प्रचारात आली. त्यानंतर तीनच वर्षांनी, म्हणजे १८८८ साली, बेळगावी दोन मराठी भावांनी सायकलचे दुकान काढले. त्या लहानशा दुकानातून पुढे एक मोठा उद्योग उभा राहिला. त्याचे जनक म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन फारसे रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रांची उघडझाप करणे, यांतच त्यांना आनंद वाटे. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईस गेले व जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे एक अनपेक्षित संकट उभे राहिले. काही रंगांतील फरक आपल्या डोळ्यांना ओळखता येत नाही, असे त्यांना आढळून आले. चित्रकार होण्याचे स्वप्न तेथेच संपले. तरीही ते खचले नाहीत. यंत्रांच्या आराखड्यांस रंग लागत नाहीत, रेषा व मापे लागतात. ती विद्या त्यांनी कसून आत्मसात केली आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत ते यंत्ररेखन शिकवू लागले.

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली आणि या वाहनाने त्यांचे मन वेधून घेतले. त्यांचे वडील बंधू रामचंद्रपंत, ज्यांना सारे रामूअण्णा म्हणत, ते बेळगावी होते. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली खरेदी करून त्या बेळगावी पाठवाव्यात आणि रामूअण्णांनी त्या विकाव्यात, असा व्यवसाय सुरू झाला. मात्र केवळ विक्री करून भागण्यासारखे नव्हते. ज्याला सायकल चालविता येत नाही, तो ती घेणार कशाला? म्हणून रामूअण्णा गिऱ्हाइकांना सायकल चालविण्यास शिकवीत व त्याबद्दल शुल्कही घेत. सायकली वाढल्या, तशी त्यांची दुरुस्तीही ओघाने आली.

दुरुस्तीचे काम वरवर हलके दिसते. परंतु त्यासारखी शाळा नाही. चाकातील एक तार सैल झाली, तरी सारे चाक डगमगू लागते. कण्याभोवतीच्या पोलादी गोळ्यांना वंगण मिळाले नाही, तर पायांस दुप्पट कष्ट पडतात. बिघडलेल्या वस्तूचे दुखणे ओळखावयाचे, तर ती कशी बनली हे आधी जाणावे लागते. यंत्र बनविण्याचे धैर्यही याच ज्ञानातून येते.

पुढे संस्थेत एक वरची जागा रिकामी झाली. लक्ष्मणराव त्या जागेस योग्य होते. परंतु ती त्यांना न देता एका अँग्लो-इंडियन शिक्षकास देण्यात आली. हा अन्याय त्यांनी निमूटपणे सोसला नाही. महिन्याच्या निश्चित पगाराची नोकरी सोडून ते बेळगावी परतले आणि आपल्या व्यवसायात सर्वस्वी उतरले.

परदेशात झालेला माल विकण्यात व दुरुस्त करण्यात त्यांना समाधान नव्हते. आपल्या शेतकऱ्याच्या उपयोगी पडतील अशी अवजारे येथेच घडवावीत, हा त्यांचा ध्यास होता. प्रथम त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र बनविले आणि नंतर लोखंडी नांगर घडविला. पण लोखंडाने जमीन नासते, अशी तेव्हा अनेकांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली! मालाचा उठाव नसताना दोन वर्षे काम चालू ठेवणे किती कठीण असते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

नांगरांस गिऱ्हाईक मिळू लागले, तोच दुसरे संकट आले. कारखान्याची जागा बेळगावच्या नव्या वसाहतीसाठी हवी होती. त्यामुळे त्यांना ती सोडावी लागली. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावले. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. ती जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला उजाड माळ होता. सापांचाही तेथे सुळसुळाट होता. १९१० साली लक्ष्मणराव आपल्या सहकाऱ्यांसह व त्यांच्या कुटुंबांसह तेथे राहावयास गेले. निवडुंग उपटून त्यांनी घरे बांधली, कारखाना उभारला आणि त्या माळाचे किर्लोस्करवाडी हे गाव झाले. तेथे अस्पृश्यतेस थारा नव्हता. माणसाची पारख जातीवरून न होता कामावरून होत असे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशी लोखंड मिळेनासे झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यांवरील जुन्या तोफा त्यांना वितळविण्यासाठी दिल्या. ज्या लोखंडाने एके काळी युद्धे लढविली, त्याच लोखंडाचे नांगर होऊन शेतात चालू लागले. पुढे उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, पंप असा त्यांच्या मालाचा विस्तार होत गेला आणि किर्लोस्कर हे नाव शेतकऱ्यांच्या तोंडी बसले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीस, १९६९ साली, भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्यांची योग्यता केवळ कारखान्याच्या विस्तारावरून ठरविणे उचित होणार नाही. रंग दिसत नाहीत म्हणून त्यांनी हातातील पेन्सिल टाकली नाही. नांगर विकला जात नाही म्हणून भट्टी विझविली नाही आणि जागा गेली म्हणून काम सोडले नाही. लहान कामात मन ओतले, की त्यातून मोठ्या कामाची वाट दिसू लागते. बेळगावातील सायकलच्या त्या दुकानातून लक्ष्मणरावांना ती दिसली आणि तिच्यावरून चालण्याचे धैर्यही त्यांच्यापाशी होते.