वाऱ्याचे मोजमाप आणि विक्रम साराभाई

ज्या देशात पावसाच्या एका हुलकावणीने लाखो कुटुंबांचे वर्ष बुडते, त्या देशाने आकाशात अग्निबाण सोडावेत काय, हा प्रश्न नवा नाही. केज तालुक्यातील नांदूरघाटसारख्या गावी तो अधिकच टोकदार होतो. पर्जन्यछायेतल्या या जिल्ह्यातून दरसाल हजारो ऊसतोड मजूर बिऱ्हाडासह परमुलखातील साखर कारखान्यांची वाट धरतात. अग्निबाणावरील रुपया विहिरीवर का खर्च करू नये, असे त्यांच्यापैकी कोणी विचारले तर ती पृच्छा अडाणीपणाची नव्हे. अर्थशास्त्रात त्यालाच वैकल्पिक खर्चाचा प्रश्न म्हणतात. विक्रम साराभाईंना तो वारंवार विचारला गेला आणि त्यांनी तो कधी टाळला नाही. चंद्रावर जाण्याची स्पर्धा आपली नव्हे, परंतु समाजाच्या प्रश्नांसाठी प्रगत तंत्र वापरण्यात आपण मागे राहता कामा नये, अशी त्यांची भूमिका होती.

साराभाईंचा जन्म 12 ऑगस्ट 1919 रोजी अहमदाबादेतील गिरणीमालक अंबालाल यांच्या घरी झाला. याच घरातील आत्या अनसूयाबेन यांनी 1918 च्या संपात सख्ख्या भावाविरुद्ध मजुरांची बाजू घेतली होती. केंब्रिजचे शिक्षण महायुद्धामुळे खंडित झाले, तेव्हा विक्रमभाईंनी बंगळूरला रामन यांच्याकडे विश्वकिरणांचा अभ्यास आरंभिला. 1947 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन परतताच त्यांनी अहमदाबादेत भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळा काढली. तिचे पहिले संचालक के. आर. रामनाथन हे पुण्याच्या हवामान खात्यात उमेदीची वर्षे घालविलेले गृहस्थ. विषुववृत्तावरील वातावरणाचा वरचा थर ध्रुवांकडील थरापेक्षा अधिक थंड असतो, हे त्यांनी 1929 मध्येच दाखवून दिले होते. त्याच सुमारास साराभाईंनी कापडगिरण्यांसाठीही संशोधनसंस्था उभारली. सूत असो वा विश्वकिरण, मोजल्यावाचून बोलायचे नाही, हा त्यांचा स्वभावच म्हणावा लागेल.

वरची हवा मोजणे सोपे नाही. फुगा तीस-पस्तीस किलोमीटरपलीकडे सहसा जात नाही. उपग्रह दीडदोनशे किलोमीटरच्या खाली आला की हवेच्या घर्षणाने लवकरच कोसळतो. मधल्या पट्ट्यात प्रत्यक्ष जाऊन येण्याचे साधन एकच, शोधक अग्निबाण. तोही काही मिनिटांपुरता. याच पट्ट्यात, सुमारे 105 किलोमीटर उंचीवर, चुंबकीय विषुववृत्ताच्या माथ्यावरून दिवसा प्रबळ विद्युत्प्रवाह वाहतो. त्यात अस्थैर्य उत्पन्न झाले की विद्युत्भारित कणांच्या लहानमोठ्या लहरी उठतात आणि रेडिओलहरी विखुरतात. त्रिवेंद्रमजवळचे थुंबा हे कोळ्यांचे गाव नेमके या रेषेनजीक होते. रिकार्डोच्या खंडसिद्धान्तात जमिनीची सुपीकता जे करते, ते येथे चुंबकीय रेषेने केले. ही जागा हेरणाऱ्यांत साराभाईंचे सहकारी, मूळ कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस, हे होते. जमीन मिळाली, चर्चची इमारत कार्यालय झाली. पण कोळ्यांना घरे सोडावी लागली. ही किंमत अवकाश कार्यक्रमाच्या गौरवलेखांत क्वचितच दिसते.

21 नोव्हेंबर 1963 च्या सायंकाळी तेथून पहिला अग्निबाण सुटला. अग्निबाण अमेरिकेचा, सोडियमचे उपकरण फ्रान्सचे, जमीन आणि माणसे आपली. संधिकालाची वेळ मुद्दाम निवडली होती. खाली अंधार पडलेला असतो, वर मात्र सूर्यप्रकाश पोहोचत असतो. त्यात सोडियमची वाफ नारिंगी रंगाने उजळते. दूरदूरच्या ठिकाणांहून एकाच वेळी तिची छायाचित्रे घेतली आणि मागच्या ताऱ्यांशी ताडून पाहिली की ढग किती सरकला, म्हणजेच वारा कोणत्या दिशेने व किती वेगाने वाहतो, हे गणिताने काढता येते. अशा मोजणीत सेकंदाला शंभर मीटरपर्यंतचे वारे आढळतात, आणि थोड्याच उंचीच्या फरकाने त्यांची दिशा पालटलेली दिसते.

पहिला स्वदेशी अग्निबाण, रोहिणी-75, नोव्हेंबर 1967 मध्ये उडाला. त्याच वर्षी साराभाईंच्या आग्रहावरून वसंत गोवारीकर थुंब्यास रुजू झाले. 1970 च्या अखेरीपासून रशियन हवामान-अग्निबाण तेथून आठवड्याला एक या क्रमाने सुटू लागले. अणुऊर्जा आयोग आणि अवकाश कार्यक्रम असा दुहेरी भार वाहणारे साराभाई 30 डिसेंबर 1971 रोजी कोवळम येथे अवघ्या 52 व्या वर्षी निवर्तले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला आणि मराठवाडा खडी फोडू लागला. वरच्या वाऱ्यांच्या ज्ञानाचा त्या मजुरांना तेव्हा काही उपयोग झाला नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

1988 पासून हवामान खाते गोवारीकर व त्यांच्या सहकाऱ्यांचे सोळा घटकांचे प्रारूप मान्सूनच्या अंदाजासाठी वापरू लागले. त्यांतील एक घटक सुमारे 30 किलोमीटर उंचीवरील वाऱ्यांचा होता. 2002 मध्ये हा अंदाज साफ चुकला आणि पुढील वर्षी प्रारूप बदलण्यात आले. थुंब्याचे काम मात्र थांबले नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये तेथून रोहिणी-200 या शोधक अग्निबाणाचे सलग दोनशेवे यशस्वी उड्डाण झाले.