रुग्णबालकांसाठी अंगण मागणारी दीपधारिणी

रुग्णसेवेचा इतिहास ज्या मोजक्या नावांनी उजळला आहे, त्यांत फ्लॉरेन्स नायटिंगेल यांचे नाव अग्रभागी आहे. हाती दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी परिचारिका, ही त्यांची प्रतिमा पाठ्यपुस्तकांतून घरोघरी पोहोचली. परंतु या दीपधारिणीला दिव्याहूनही सूर्यप्रकाशाचे मोल अधिक वाटत होते आणि रुग्णालयातील बालकांसाठी तिने हक्काचे अंगण मागितले होते, ही हकीकत फारशी सांगितली जात नाही.

फ्लॉरेन्स यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात एका संपन्न इंग्रज कुटुंबात झाला. जन्मगावाचेच नाव त्यांना मिळाले. वडिलांनी त्यांना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास असे विषय शिकविले. रुग्णशुश्रूषा हेच आपले जीवितकार्य, हा निश्चय तरुणपणीच झाला; पण त्या काळी परिचारिकेचा व्यवसाय कुलीन स्त्रीला शोभणारा मानला जात नसे. घरच्यांचा विरोध अनेक वर्षे सोसून १८५१ साली जर्मनीतील कैसर्सवर्थ येथे त्यांनी शुश्रूषेचे शिक्षण घेतले आणि १८५३ मध्ये लंडनमधील एका लहान रुग्णालयाची व्यवस्था हाती घेतली.

पुढच्याच वर्षी क्रिमियाच्या युद्धातील जखमींचे हाल ऐकून ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. तेथे जखमांपेक्षा रोगांनीच अधिक सैनिक दगावत होते. इमारतीखाली तुंबलेली गटारे होती आणि कोंदट दालनांत खाटांची दाटी होती. मार्च १८५५ मध्ये आलेल्या आरोग्यपथकाने गटारे साफ केली, हवा खेळती केली आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. युद्धानंतर आकडेवारीचा कसून अभ्यास करताना फ्लॉरेन्स यांना या घटनेचा पूर्ण अर्थ उमगला. रुग्णाला बरे करण्यासाठी बांधलेल्या भिंतीच त्याचा घात करू शकतात, हे सत्य त्या पुढे कधीही विसरल्या नाहीत.

मे १८५५ मध्ये क्रिमियात त्या स्वतः तापाने मरणाच्या दारी पोहोचल्या. त्या आजारात कोणीतरी रानफुलांचा गुच्छ पाठविला आणि त्या क्षणापासून प्रकृतीला वेगाने उतार पडला, अशी आठवण त्यांनी पुढे लिहून ठेवली. मायदेशी परतल्यावर मात्र १८५७ पासून दीर्घ आजाराने त्यांना गाठले. पुढील कित्येक वर्षे त्यांचा बहुतेक काळ खोलीतच, अंथरुणावर किंवा कोचावर गेला. बंद खोलीतील दिवस किती लांब असतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. त्याच खोलीतून त्यांनी जगाला रुग्णसेवेचे शास्त्र दिले.

शुश्रूषेवरील आपल्या ग्रंथात त्यांनी शुद्ध हवेच्या खालोखाल प्रकाशाला स्थान दिले, आणि तोही सूर्याचा प्रत्यक्ष प्रकाश. पाठीच्या कण्याला इजा होऊन खिळून पडलेल्या एका मजुराची गोष्ट त्यात आहे. खिडकीतून एकदा बाहेर पाहावे, एवढीच त्याची तळमळ होती. त्याच्या परिचारिकेने त्याला पाठीवर घेतले आणि क्षणभर खिडकीशी टेकविले. त्या श्रमाने ती स्वतः जिवावरच्या दुखण्यात पडली. फ्लॉरेन्स यांनी यातून काढलेला बोध असा, की उपाशी पोटाला जशी अन्नाची भूक असते, तशीच कोंडलेल्या डोळ्यांना बाहेरच्या जगाची असते.

१८६३ साली रुग्णालयांच्या रचनेवरील त्यांच्या ग्रंथाची तिसरी आवृत्ती निघाली. तीत बालरुग्णालयांसाठी स्वतंत्र प्रकरण होते. रुग्णबालकांना मोठे अंगण हवे, त्यात हिरवळ आणि गवताच्या लहान टेकड्या हव्यात, असे त्यांनी सुचविले. पण ते अंगण फार सुंदर नसावे, ही त्यांची अट होती. कारण बाग शोभेची केली, की ती बिघडवल्याबद्दल मुलेच बोलणी खातात. आजारी मुलाला एक क्षणही एकटे सोडू नये, हेही त्यांनी बजावले. एवढ्याशा सूचनेत बालमनाची केवढी जाण होती! आजारी असले तरी मूल हे मूलच असते आणि त्याला मातीत हात घालण्याची मुभा हवी, हे त्यांनी ओळखले होते.

फ्लॉरेन्स भारतात कधीच आल्या नाहीत. तरी १८६३ च्या लष्करी आरोग्यविषयक अहवालापासून पुढे अनेक दशके येथील स्वच्छता, दुष्काळ आणि पाणीपुरवठा यांचा त्यांनी ध्यास घेतला. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी ग्रामस्वच्छतेबाबत त्यांचा पत्रव्यवहार होता. वृद्धापकाळी त्यांची दृष्टी गेली. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्यांनी देह ठेवला. राष्ट्रीय इतमामाचा मान कुटुंबीयांनी नम्रपणे नाकारला आणि हॅम्पशायरमधील एका खेड्याच्या चर्चच्या आवारात, मोकळ्या आकाशाखाली त्यांना चिरविश्रांती मिळाली.

त्यांच्या विचाराला पुढे शास्त्राचेही पाठबळ लाभले. १९८४ साली अमेरिकेतील रॉजर उलरिच यांनी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण, समोर विटांची भिंत असलेल्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली, असे आढळले. ते रुग्ण प्रौढ होते. धावत्या-खेळत्या वयाच्या मुलाला ती भिंत किती जड वाटत असेल, याची कल्पना कोणत्याही आईला करता येईल.

मैंदर्गीसारख्या गावातील मूल उंबरठा ओलांडताच मोकळ्या आकाशाखाली येते. न्हाऊ-माखू घातलेल्या तान्ह्याला सकाळच्या कोवळ्या उन्हात घेऊन बसणारी आजी येथे कोणाला परकी नाही. तेच मूल आजारी पडून सोलापूरच्या मोठ्या रुग्णालयात दाखल झाले, की औषधे मिळतात, यंत्रे मिळतात. आकाश मात्र सुटते. डॉक्टरांची संमती असेल, जंतुसंसर्गाचे भय नसेल आणि ऊन कोवळे असेल, तर अर्धा तास व्हरांड्यात किंवा झाडाखाली नेणे फारसे खर्चाचे नाही. चालता न येणाऱ्यासाठी चाकांची खुर्ची आहे. तीही शक्य नसेल, तर खाट खिडकीजवळ सरकविता येते.

जैन परंपरेत रुग्णाच्या सेवेला वैयावृत्त्य म्हणून तपाचे स्थान आहे आणि औषधदान हे चार दानांपैकी एक मानले आहे. त्या औषधाच्या पुडीबरोबर थोडे ऊन, थोडा वारा आणि बिघडवायला मोकळे असलेले एक अंगण मुलांच्या वाट्याला यावे. आयुष्याची कित्येक वर्षे खोलीत काढलेल्या त्या दीपधारिणीने दीडशे वर्षांहून अधिक काळापूर्वी त्यांच्यासाठी हेच मागितले होते.