अनंत लक्ष्मण कान्हेरे

अनंत लक्ष्मण कान्हेरे (मृत्यू : १९ एप्रिल १९१०, ठाणे) हे मराठी क्रांतिकारक होते. नाशिकचे जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांच्या हत्येबद्दल त्यांना फाशी देण्यात आली.

जीवन

कान्हेरे यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात झाला. शिक्षणासाठी ते औरंगाबादला मामांकडे राहिले. परभणीप्रमाणेच हे शहरही तेव्हा निजामाच्या राज्यात होते. पुढे त्यांचा नाशिकच्या गुप्त मंडळाशी संबंध आला.

पिस्तुले

१९०९ च्या आरंभी विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून २० ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पाठवली. पेटीच्या दुहेरी तळात लपवून ती मुंबईस आली. या पिस्तुलात बार होताच रिकामे काडतूस बाहेर फेकले जाऊन पुढचे आपोआप चढते. आकार लहान असल्याने ते अंगावर लपवता येई.

जॅक्सन यांची हत्या

जून १९०९ मध्ये बाबाराव सावरकर यांना जन्मठेप झाल्याने नाशिकचे तरुण संतापले होते. जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते. तथापि या खटल्यामुळे त्यांच्यावर रोष होता. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ते ‘शारदा’ नाटकास आले असता कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते जागीच पकडले गेले.

परिणाम

कान्हेरे यांच्यासह कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे यांना ठाणे कारागृहात फाशी देण्यात आली. अमीन माफीचे साक्षीदार झाले आणि पिस्तुलांचा माग लंडनपर्यंत पोहोचला. त्यावरून हत्येस साहाय्य केल्याच्या आरोपाखाली सावरकर यांना ३० जानेवारी १९११ रोजी दुसरी जन्मठेप झाली.