आडोल्फ रोझेनबर्गर : शर्यतीच्या मोटारीमागचा विसरलेला माणूस



टोरांटोपासून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर, बोमनव्हिल गावाच्या उत्तरेस, मोस्पोर्ट नावाचे मोटारींच्या शर्यतीचे ठिकाण आहे. जगज्जेतेपदासाठी धरली जाणारी कॅनडातील पहिली ग्रां प्री शर्यत तेथे २७ ऑगस्ट १९६७ रोजी भर पावसात झाली. कॅनडाचे ते शताब्दी वर्ष होते. ऑस्ट्रेलियाचे जॅक ब्रॅबम पहिले आले. त्या दिवशी धावलेल्या प्रत्येक मोटारीचे इंजिन चालकाच्या पाठीमागे होते. एव्हाना ती रीतच पडून गेली होती, त्यामुळे कोणाला त्याचे नवल वाटण्याचे कारण नव्हते.

पुढे सव्वातीन महिन्यांनी, ६ डिसेंबर १९६७ रोजी, लॉस एंजेलिस येथे अ‍ॅलन आर्थर रॉबर्ट नावाचे सदुसष्ट वर्षांचे गृहस्थ वारले. त्यांचे मूळ नाव आडोल्फ रोझेनबर्गर. जर्मनीत इंजिन पाठीमागे असलेली शर्यतीची मोटार ज्यांनी स्वतः चालवली, आणि पुढे तशी नवी मोटार घडवण्यासाठी ज्यांनी पैसा व श्रम खर्ची घातले, त्यांत ते होते. ते यहुदी होते, आणि त्याच कारणाने त्यांचे नाव पुसले गेले. त्यांची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांनी रेल्वेत आणि गिरण्यांत उमर घालवली, तेव्हा यंत्राची गोष्ट आपल्या घरांना परकी नाही.

रोझेनबर्गर यांचा जन्म ८ एप्रिल १९०० रोजी जर्मनीतील फोर्त्सहाइम या गावी सधन यहुदी कुटुंबात झाला. तरुणपणीच त्यांना मोटारींचे वेड लागले. त्यांचे नाव गाजू लागले त्या सुमारास जर्मनीत एक विचित्र मोटार पुढे आली होती. तिचा जनक एडमुंड रुम्पलर हाही यहुदीच. रुम्पलर मूळचे व्हिएन्नाचे. ‘ताउबे’ म्हणजे कबुतर या नावाची विमाने बर्लिनमध्ये बांधून ते प्रसिद्ध झाले. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने जर्मनीला विमाने बांधण्याची बंदी झाली, तेव्हा रुम्पलर यांनी विमानाचे ज्ञान मोटारीत उतरवले. १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात त्यांची मोटार उभी राहिली. आकार पाण्याच्या थेंबासारखा, म्हणून नाव ट्रॉप्फेनवागेन, म्हणजे थेंबगाडी. तिचे इंजिन मागच्या चाकांच्या जरा पुढे, म्हणजे बसणाऱ्यांच्या पाठीशी होते.

गाडीला बैल जुंपायचा तो पुढेच. इंजिनाबद्दलही लोकांची तशीच समजूत होती. त्यामुळे रुम्पलर यांची मोटार फारशी खपली नाही. सुमारे शंभरच बनल्या आणि त्यांतल्या पुष्कळ बर्लिनच्या टॅक्स्या झाल्या. तथापि १९७९ साली फोक्सवागेन कारखान्याने संग्रहालयातील एक मोटार वाऱ्याच्या बोगद्यात तपासली, तेव्हा हवेच्या विरोधाचा अंक ०.२८ निघाला. पन्नासहून अधिक वर्षांनंतर निघणाऱ्या कित्येक नव्या मोटारींनाही तो साधत नव्हता.

मानहाइमच्या बेंझ कारखान्याने मात्र या कल्पनेचे मोल ओळखले. त्यांनी रुम्पलर यांच्याकडून हक्क घेऊन शर्यतीची मोटार बांधली. दोन लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन चालकाच्या मागे बसवले, आणि मागची दोन्ही चाके आपापली स्वतंत्र वरखाली होतील अशी योजना केली. इंजिन मागे असल्याने चालकाच्या आसनाखालून लांब दांडा न्यावा लागत नाही, त्यामुळे चालक खाली बसतो आणि मोटारीचा वाऱ्याला अडणारा भाग लहान होतो. शिवाय जी चाके मोटार ढकलतात त्यांवर इंजिनाचे वजन पडते, म्हणून ती रस्ता घट्ट धरतात. सप्टेंबर १९२३ मध्ये इटलीतील मोंझा येथे या तीन मोटारी उतरल्या. त्यांतील दोन चौथ्या आणि पाचव्या आल्या. बेंझकडे पैशाची ओढाताण होती, म्हणून काम पुढे रेटले गेले नाही. पण या मोटारी आणखी काही वर्षे धावत राहिल्या. त्या चालवणाऱ्यांत रोझेनबर्गर होते. पाठीमागे इंजिन असलेली मोटार वळणावर कशी वागते, हे त्यांनी स्वतःच्या हातांनी अनुभवले.

शर्यतीचा धंदा जिवावरचा. जुलै १९२६ मध्ये बर्लिनच्या आव्हुस रस्त्यावर पहिली जर्मन ग्रां प्री झाली. रोझेनबर्गर यांची मर्सिडीज पावसाने ओल्या झालेल्या वळणावर घसरली आणि वेळ नोंदवणाऱ्यांच्या चौकीवर आदळली. तीन माणसे दगावली, आणि ते स्वतःही जखमी झाले. तरी पुढच्याच वर्षी, जून १९२७ मध्ये, न्युर्बुर्गरिंग हा नवा रस्ता खुला झाला तेव्हाच्या शर्यतीत रुडोल्फ काराचिओला यांच्या पाठोपाठ ते दुसरे आले.

याच वर्षांत त्यांची फेर्डिनांड पोर्शे यांच्याशी ओळख झाली. पोर्शे तेव्हा मर्सिडीजचे मुख्य तंत्रज्ञ होते. पुढे ती नोकरी सुटली आणि १९३१ साली पोर्शे यांनी श्टुटगार्टमध्ये स्वतःची कचेरी काढली. तिच्यात तीन भागीदार होते. पोर्शे यांचा वाटा ८० टक्के, जावई आंटोन पिएश यांचा १० टक्के आणि रोझेनबर्गर यांचा १० टक्के. व्यवहाराची बाजू रोझेनबर्गर पाहत. ते दिवस जगभर मंदीचे होते, कामे मिळत नसत. पगाराला पैसे नसत तेव्हा रोझेनबर्गर आपल्या पदरचे घालत आणि ओळखीपाळखीतून उभे करत. आज जगभर ज्या कंपनीचे नाव घेतले जाते, तिचे पहिले दोन हिवाळे असे निभावले गेले.

ऑक्टोबर १९३२ मध्ये शर्यतीचे नवे नियम जाहीर झाले. मोटारीचे वजन ७५० किलोपेक्षा जास्त असता कामा नये, असा दंडक १९३४ पासून लागू व्हायचा होता. पोर्शे यांच्या कचेरीने लगेच गिऱ्हाईक मिळण्याआधीच मोटारीचा आराखडा आखायला घेतला आणि त्यासाठी एक वेगळी कंपनीही काढली. तिच्या मागेही रोझेनबर्गर होते. या मोटारीला सोळा सिलिंडर होते आणि इंजिन चालकाच्या मागे होते. मध्ये पेट्रोलची टाकी होती, म्हणजे टाकी रिकामी होत गेली तरी तोल ढळू नये. बेंझच्या थेंबगाडीचा धडा येथे पूर्ण झाला. आउटो युनियन कंपनीने ही मोटार बांधली. मोंझाला थेंबगाडी चालवणारे विली वाल्ब हेच या नव्या पथकाचे पहिले प्रमुख झाले. मार्च १९३४ मध्ये हान्स श्टुक यांनी तिच्यात बसून एका तासात २१७ किलोमीटर अंतर कापले.

पण तो दिवस येईपर्यंत रोझेनबर्गर बाजूला झाले होते. जानेवारी १९३३ अखेर हिटलर सत्तेवर आला, आणि त्याच सुमारास त्यांनी कचेरीचे व्यवस्थापकपद सोडले. हिटलर सरकारने शर्यतीच्या मोटारींसाठी पैसा दिला आणि जर्मन वंशाचा पराक्रम म्हणून जगात मिरवला. ज्या मोटारीची पाळेमुळे रुम्पलर यांच्या कारखान्यात होती आणि जिच्यासाठी रोझेनबर्गर यांनी पदरमोड केली, तीच मोटार यहुदी माणसाला हीन म्हणणाऱ्यांच्या जाहिरातीसाठी धावू लागली. रुम्पलर यांनाही १९३३ साली काही काळ तुरुंगात डांबले होते. सुटल्यावर त्यांना पुन्हा उभे राहता आले नाही आणि १९४० साली ते वारले.

१९३५ च्या जुलैत रोझेनबर्गर यांचा दहा टक्के वाटा पोर्शे यांचे पुत्र फेरी यांच्या नावे झाला. मोबदला मिळाला ३,००० मार्क, म्हणजे कागदावरची मूळ किंमत. कचेरीला एव्हाना मोठमोठी कामे मिळत होती. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वंश बाटवल्याचा आळ घेऊन पोलिसांनी त्यांना फोर्त्सहाइम येथे पकडले आणि किस्लाउच्या छळछावणीत टाकले. ज्या न्युरेंबर्ग कायद्यांनी हा गुन्हा ठरवला ते १५ सप्टेंबरला झाले, म्हणजे अटकेनंतर! काही आठवड्यांनी सुटका होताच त्यांनी देश सोडला. परदेशात काही वर्षे ते पोर्शे यांच्या कचेरीचेच काम पाहत होते. १९३८ साली तोही संबंध कचेरीने तोडला. पुढे फ्रान्समधून ते अमेरिकेला गेले, आणि तेथे अ‍ॅलन आर्थर रॉबर्ट झाले.

युद्धानंतर त्यांनी आपल्या हक्काची मागणी केली. १९५० साली तडजोड झाली. त्यांना ५०,००० मार्क आणि एक मोटार मिळाली. पोर्शे घ्या की फोक्सवागेन, अशी निवड होती, आणि त्यांनी फोक्सवागेन घेतली. कंपनीत परत जागा मात्र मिळाली नाही. पुढे अनेक वर्षे कंपनीच्या इतिहासात त्यांचे नाव कोठेतरी कोपऱ्यात असे. २०१९ साली जर्मन टेलिव्हिजनवर त्यांच्यावर एक माहितीपट दाखवला गेला आणि तेव्हापासून त्यांच्या कार्याची नव्याने चौकशी होऊ लागली. तो दिवस पाहायला ते स्वतः नव्हते.

वाचकहो, आम्हाला या हकीकतीत सर्वात जास्त लागली ती नावाची गोष्ट. आपली आडनावे पेणकर, रोहेकर, किहीमकर. नाव घेतले की गाव कळते. या देशात येऊन आपल्यापैकी काहींनी ते लांब नाव लहान केले, कारण दुकानात आणि टेलिफोनवर सांगताना जीव मेटाकुटीला येतो. आपण ते आपल्या सोयीने केले, भीतीने नव्हे. रोझेनबर्गर यांच्यापुढे तशी निवड नव्हती. त्यांचे नाव त्यांच्या कामावरून आधी खरडून काढले गेले, मग त्यांनी ते बदलले.

म्हणून आमची एक विनंती आहे. उन्हाळ्यात मुला-नातवंडांना घेऊन शर्यत पाहायला जाल, किंवा एखाद्या संग्रहालयात जुनी जर्मन मोटार दिसेल, तेव्हा इंजिन कोठे आहे ते त्यांना दाखवा, आणि त्यामागे असलेल्या रुम्पलर आणि रोझेनबर्गर या दोघांची नावे सांगा. त्यांच्या स्मृतीस आमचे नम्र वंदन.