सुरतेच्या डॉ. रखमाबाई

सुरत म्हटले की आपणांपैकी बहुतेकांस शिवाजी महाराजांची स्वारी आठवते, नाही तर इंग्रजांची जुनी वखार. पण ह्याच शहरात एका मराठी बाईने सुमारे २२ वर्षे स्त्रियांची दुखणीखुपणी पाहण्यात घालवली, हे थोड्यांसच ठाऊक असते. त्या बाई म्हणजे डॉ. रखमाबाई. त्यांच्या खटल्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. दवाखान्यातील कामाविषयी त्या मानाने थोडे. म्हणून खटला थोडक्यात सांगून आम्ही दवाखान्याकडे वळतो.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. त्या अगदी लहान असतानाच वडील वारले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन ह्यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी ह्यांच्याशी लावण्यात आले, परंतु त्या माहेरीच राहिल्या. फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून त्यांनी घरीच अभ्यास केला. १८८४ साली दादाजींनी त्यांना नांदायला पाठवावे म्हणून दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला. पुढे अपील झाले आणि १८८७ साली हुकूम झाला की नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करला. सुदैवाने तशी वेळ आली नाही. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि त्या मोकळ्या झाल्या.

आता पुढे काय करावे? मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची ह्यांनी त्यांना धीर दिला, हितचिंतकांनी पैसा उभा केला. १८८९ साली रखमाबाई विलायतेस गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. १८९५ साली त्या सुरतेच्या स्त्रियांच्या दवाखान्यात रुजू झाल्या.

दवाखाना होता, डॉक्टर होत्या. पण बाया येईनात. दवाखान्यात माणसाला मरायलाच नेतात, अशी समजूत होती. घरचे सारे उपाय थकले म्हणजेच रोगी तेथे आणायचा. मग अशा रोग्यांतील पुष्कळ दगावत आणि लोकांची भीती आणखी वाढे. असे सांगतात की, ही भीती घालवण्यासाठी रखमाबाईंनी एक गाभण शेळी दवाखान्यात आणविली आणि तिची सुटका तेथे सुखरूप करून दाखविली. हळूहळू बाया येऊ लागल्या. प्लेगच्या साथीतही बाईंनी आपले काम सोडले नाही.

येथे आम्हांस दुसऱ्या एका डॉक्टरची आठवण होते. रखमाबाई जन्मल्या त्याच वर्षी ऑस्ट्रियात अर्न्स्ट वेर्टहाइम जन्मला. १८९८ साली व्हिएन्नात त्याने गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावर एक मोठी शस्त्रक्रिया सुरू केली. तीत गर्भाशयाबरोबर भोवतालचा भागही काढावा लागे. आरंभी पुष्कळ स्त्रिया दगावल्या. परंतु वेर्टहाइमने यश मोजले तसे अपयशही मोजले आणि १९११ साली ५०० शस्त्रक्रियांचा हिशेब प्रसिद्ध केला. हात बसला तसे मृत्यू घटले. आजही चांगला शल्यचिकित्सक असाच हिशेब ठेवतो. काढलेल्या भागाच्या कडेला रोग उरला का, मूत्राशयाला इजा झाली का, पाच वर्षांनी किती स्त्रिया हयात आहेत?

पण हा हिशेब रोगी टेबलावर आल्यानंतर सुरू होतो. ती कोणत्या अवस्थेत आली, ह्यावर त्याचा अर्धा निकाल आधीच ठरलेला असतो. रोग गर्भाशयाच्या मुखापुरता असताना शस्त्रक्रियेने तो बरा होऊ शकतो. तो दूरवर पसरला म्हणजे कुशल हातही थिटे पडतात. रखमाबाईंनी सुरतेत दवाखान्याच्या दारापाशी जे केले, त्याचे मोल ह्यावरून कळते.

१९०४ साली दादाजी वारल्याची वार्ता आली, तेव्हा रखमाबाईंनी विधवेची पांढरी वस्त्रे धारण केली. १९१८ च्या सुमारास त्या राजकोटच्या जनाना रुग्णालयात गेल्या आणि १९३० च्या सुमारास निवृत्त होऊन मुंबईस आल्या. पडद्याच्या चालीविरुद्ध त्यांनी १९२९ साली पुस्तिका लिहिली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

दवाखान्याची भीती आज ओसरली आहे. संकोच मात्र गेलेला नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमध्ये जाऊन हजारो स्त्रियांची व्हिनेगर लावून साधी तपासणी केली. ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. तपासणी झालेल्या गटात ह्या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले. शिवाय आता मुलींसाठी लसही आहे.

महिला मंडळात रखमाबाईंची गोष्ट सांगताना एवढे अवश्य सांगावे: पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून रक्त जाऊ लागले, किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये वा संबंधानंतर रक्त दिसले, तर ते लपवू नये, लगेच डॉक्टरांस दाखवावे. प्रत्येक वेळी तो कर्करोगच असेल असे नाही. परंतु असलाच, तर लवकर गेलेल्या बाईच्या वाट्याला पुष्कळ वर्षे येऊ शकतात. आणि सासू, जाऊ, शेजारीण, कोणी तरी तिच्याबरोबर जावे. दवाखान्याची पायरी एकटीने चढणे आजही कित्येकींना जड जाते.