गौतमीपुत्र सातकर्णी

कर्जताकडून राजमाचीच्या पायथ्याशी गेले म्हणजे कोंदाण्याची लेणी लागतात, आणि खालापुराकडून बोरघाट चढून वर गेले म्हणजे कार्ल्याची. कल्याण बंदरी उतरलेला माल पूर्वी अशाच घाटवाटांनी देशावर जात असे. कार्ल्याच्या खांबांवर यवन दात्यांची नावे अद्यापि वाचावयास मिळतात. ज्या औगुस्त कैसराचे नाव आपल्या वाचकांस परिचित आहे, त्याच्या मागून शंभर वर्षांच्या सुमारास जो राजा या वाटांचा धनी झाला, त्याचा हा वृत्तांत आहे.

सातकर्णी हा पैठणच्या सातवाहन कुळातला. त्याच्या उदयापूर्वी नहपान नामक शक क्षत्रपाने नाशिक, जुन्नर व मावळ हे प्रांत बळकाविले होते. त्या काळच्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेविले आहे की, कल्याणास चुकून आलेली गलबते पहाऱ्यात घालून भडोचेस नेत असत. बंदर गेले म्हणजे जकात गेली, आणि जकात गेली म्हणजे सैन्यास वेतन कोठून द्यावे? सातवाहनांची ही अवस्था झाली होती.

सातकर्णीने आपल्या कारकिर्दीच्या 18व्या वर्षाच्या सुमारास नहपानाच्या क्षहरात कुळाचा निःपात केला. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे 1906 साली नहपानाची 13,000 हून अधिक रुप्याची नाणी सापडली. त्यांपैकी 9,000 हून अधिक नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारिलेला आहे. नाणे वितळविले नाही, शत्रूच्या मुखावरच आपले चिन्ह उमटविले. बाजारात जाणाऱ्या प्रत्येकास राजा बदलल्याची वार्ता हाती मिळाली.

दानधर्माच्या बाबतीतही त्याने हेच केले. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिक व कार्ले येथील भिक्षूंस जमिनी व गाव दिले होते. विजयी सैन्याच्या छावणीतूनच सातकर्णीने आज्ञा काढिली की, उषवदाताकडे असलेले 200 निवर्तने शेत नाशिकच्या भिक्षूंस द्यावे, आणि त्या शेतात सरकारी माणसांनी पाऊल टाकू नये. पण पुढे काय झाले ते ऐका. सहा वर्षांनी कळले की, ते शेत कोणी कसीत नाही, आणि तो गावही ओसाड पडला आहे! तेव्हा 24व्या वर्षी राजा व राजमाता या दोघांच्या नावे दुसरी आज्ञा निघाली, आणि नगराच्या सीमेवरील राजाच्या शेतातून 100 निवर्तने देण्यात आली. कागदावरची जमीन व नांगराखालची जमीन यांतील भेद आमच्या शेतकरी बंधूंस सांगावयास नको. प्रमाण निम्मे झाले खरे, तथापि चूक दगडावर कोरून सुधारणारे राजे थोडे.

औगुस्ताने आपली कृत्ये स्वतःच लिहून ठेविली; सातकर्णीची कृत्ये त्याच्या मागे त्याची वृद्ध माता गौतमी बलश्री हिने कोरविली. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात तो लेख आहे. शक, यवन व पल्हव यांचा त्याने संहार केला, न्यायाने ठरेल तेवढाच कर घेतला, प्रजेच्या सुखदुःखांत तो वाटेकरी झाला, असे ती सांगते. त्याच्या देशांत अपरांत म्हणजे आपले कोंकणही गणिते. चार वर्णांचा संकर त्याने थांबविला, हीही स्तुती तीत आहे. ती आम्हांस रुचत नाही. आणि खुद्द त्याच्या वंशजांसही ती मानवली असे दिसत नाही, कारण पुढे त्याच घराण्यातील एका राजाने शक महाक्षत्रपाची कन्या वरली, असे कान्हेरीच्या लेखावरून विद्वान समजतात.

तो लेख कोरला तेव्हा सातकर्णीच्या मागून आलेल्या पुळुमावीचे 19वे वर्ष चालले होते. मातेने ते लेणे भिक्षूंस अर्पण केले, आणि त्याच्या खर्चासाठी पुळुमावीने एक गाव तोडून दिला.